टर्लो कौंटीची एकविसावी सही

टर्लो कौंटीत मतदार चारशे बारा आणि गायी अठ्ठावीस हजार. गायींना सही करता आली असती तर हे काम मी एका दुपारी उरकलं असतं.

आमच्या राज्याच्या कायद्यात एक मेख मारून ठेवली आहे. जनतेला एखादा प्रश्न मतपत्रिकेवर आणायचा असेल तर राज्यभरातून नुसत्या लाखभर सह्या गोळा करून भागत नाही. अडतीस कौंट्या अशा दाखवाव्या लागतात की जिथे शंभरातल्या पाच मतदारांनी सही केली आहे. सदतीस झाल्या होत्या. अडतिसावी आमची. चारशे बाराचे पाच टक्के काढले तर वीस पूर्णांक सहा दशांश येतात, आणि सहा दशांश माणूस सही करत नाही म्हणून एकवीस. प्रश्न होता औषधासाठी गांजाला परवानगी द्यावी की नाही, आणि टर्लो कौंटीपुरता तो प्रश्न घेऊन दारोदार फिरणारी एकटी मी होते.

मी लव्हॉन पेट्स्का, वय एकोणसत्तर. एकतीस वर्षं इथल्या पोस्टाच्या खिडकीमागे बसले, त्यामुळे कौंटीतलं प्रत्येक अक्षर ओळखते. गांजाचं म्हणाल तर आयुष्यात कधी ओढलेला नाही. माझा नवरा ड्वेन मात्र तो रोज रात्री घेतो, जिभेखाली चार थेंब, आणि हे त्याला माहीत नाही असं आम्ही दोघांनी ठरवलेलं आहे.

ड्वेन तेवीस वर्षं या कौंटीचा डेप्युटी शेरीफ होता. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या नसांचं दुखणं सुरू झालं. उजव्या हाताची मूठ आवळते आणि उघडत नाही. नखं तळव्यात रुततात आणि हा घट्ट तोंड मिटून बसतो. डॉक्टरांच्या गोळ्यांनी तो दिवसभर झोपायचा, मूठ जागीच. मग मी राज्याच्या हद्दीपलीकडे एकतीस मैलांवर, डोनटच्या दुकानाशेजारी जे दुकान आहे तिथून अर्काची बाटली आणली. तिकडे ते औषध. हद्दीच्या अलीकडे तोच गुन्हा.

पहिल्या रात्री ड्वेनने विचारलं, "हे कसलं?"

"खोकल्याचं."

"मला खोकला नाहीये."

"मग लागू पडतंय म्हणायचं."

अर्ध्या पाऊण तासाने मूठ उघडली. चार वर्षं हे असंच चाललंय.

मेमध्ये मात्र परत येताना हद्दीच्या पुलाशी शेरीफने गाडी थांबवली. शेरीफ म्हणजे कोल्बी स्ट्रँड, ड्वेनच्या हाताखाली शिकलेला. त्याने डोनटचा खोका उघडला, खालची बाटली पाहिली, झाकण लावलं आणि एक डोनट काढून घेतला.

"पेट्स्काबाई," तो म्हणाला, "पुढच्या वेळी हे माझ्यानं व्हायचं नाही. साहेबांना नमस्कार सांगा."

नमस्कार सांगितला. बाकीचं सांगितलं नाही. आणि राजधानीला फोन करून सह्यांचे कागद मागवून घेतले.

पहिली सही माझीच. पुढच्या अठरा मिळवायला पाच आठवडे गेले. लोकांचा गांजाला विरोध आहे असं कुणी समजू नये. मत गुप्त असतं. सहीचा कागद कौंटी क्लार्कच्या कचेरीत असतो आणि तो कुणीही उठून बघू शकतो, सगळी गोम तिथे. सहकारी धान्यगोदामाच्या कॅफेत चिलीचा वाडगा आणि दालचिनीचा रोल खाणाऱ्या प्रत्येकाला मी विचारलं.

"मत देईन गं," हार्लन मोक म्हणाला, "नक्की देईन. पण सही नको. माझी सासू दर शुक्रवारी कचेरीत जाते."

"कशाला?"

"काही नाही. वाचायला."

चर्चच्या पाद्रीबाईंनी कानावर हात ठेवले आणि मग मी निघाल्यावर मागल्या दाराने बोलावून सही केली. पशुवैद्याने केली, पण अक्षर असं की मी त्याला दुसऱ्यांदा नाव लिहायला लावलं. एकाने आधी केली आणि संध्याकाळी ती खोडायला घरी आला, खोडून झाल्यावर कॉफी पिऊन गेला.

माझी सगळ्यात मोठी पंचाईत मात्र घरातच होती. कॅफेत जो तो विचारायचा, "ड्वेनने केली का?" आणि ड्वेनने केलेली नव्हती.

"ज्या गोष्टीसाठी मी पोरांना बेड्या घातल्या, तिच्यासाठी सही करू?" तो म्हणाला. "उद्या त्यातला एखादा भेटला तर त्याच्याकडे कुठल्या तोंडानं बघू?"

"मग रात्री काय घेतोस?"

"खोकल्याचं," ड्वेन म्हणाला.

मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा एकोणीस सह्या होत्या. सकाळी मी रासमुसेनांच्या रँचवर गेले. ट्वायला रासमुसेनच्या बहिणीचा कर्करोगाने जीव गेला होता, त्यामुळे तिने पेन मागूनच घेतलं. आपली सही केली आणि लगेच खालच्या ओळीत एल्डनची, म्हणजे नवऱ्याची, करायला घेतली.

मी तिचं मनगट धरलं. "ट्वायला, त्याची त्यानं करायची."

"अगं, त्याची सगळीकडे मीच करते. चेक, गुरांचे कागद, मुलांची प्रगतिपुस्तकं. त्याला वेळ कुठाय?"

यात ट्वायलाचं काही चुकत नव्हतं. आमच्याकडे रँचवर बायकाच लिहितात. पुरुष कुंपणं दुरुस्त करतात. पण प्रत्येक माणसाने माझ्या डोळ्यांदेखत स्वतःच्या हाताने सही केली अशी शपथ मला प्रत्येक कागदाखाली घ्यायची होती, आणि मी सरकारी नोकरीत एकतीस वर्षं काढलेली बाई आहे. गवताच्या शेतात अर्धा मैल चालत गेले, एल्डनला ट्रॅक्टरवरून उतरवला. त्याने हातमोजा काढला, पेन निरखलं आणि नांगरट केल्यागत सावकाश आपलं नाव लिहिलं.

"कशी आलीय?" त्याने विचारलं.

"छान आलीय," मी म्हटलं. एकवीस.

दुपारी दोनला कागद कौंटी क्लार्ककडे दिले. बर्नडीन ऑस्टरलो ही बाई म्हणजे नियमाचा पुतळा. प्रत्येक नावाचं मतदार नोंदणीचं कार्ड कपाटातून काढायचं, सही सहीशेजारी धरायची, भिंगातून बघायची आणि मग शिक्का. पाच वाजेपर्यंत कमी पडल्या तर भर घालता येते, पाचनंतर नाही. मी समोरच्या बाकावर बसले. वीस शिक्के ऐकले. एकविसावा ऐकू आला नाही.

"ही एल्डनची सही नाही," बर्नडीन म्हणाली.

"त्यानं माझ्यासमोर केलीय."

"केली असेल. पण एल्डनची सही अशी नसते." तिने कार्ड फिरवून माझ्यापुढे धरलं. त्यावर ट्वायलाचं गोल, डावीकडे कललेलं अक्षर होतं.

"बर्नडीन, हे कार्ड ट्वायलानं सही केलेलं आहे."

"लव्हॉन, हे तू मला सांगू नकोस. हे मी ऐकलं तर मला एल्डनला यादीतून काढावं लागेल. त्यांच्या लग्नाच्या नोंदवहीतही हीच सही आहे. ते मी कुठे निस्तरत बसू?"

मी ट्वायलाला फोन लावला. ती म्हणाली, "बघ, सांगत होते. येते मी, पाच मिनिटांत त्याची सही करून देते." माझ्या तोंडाशी 'ये' आलं होतं, ते मी गिळलं. अख्ख्या कौंटीत एल्डन रासमुसेनने आयुष्यात एकदाच स्वतः सही केली, ती माझ्या प्रामाणिकपणापायी, आणि तीच खोटी ठरली.

सव्वातीनला घरी आले. ड्वेन खिडकीशी बसला होता, उजवी मूठ मांडीवर, डाव्या हाताने ती झाकलेली.

"किती?" त्याने विचारलं.

"वीस."

एल्डनची हकिकत सांगितली तेव्हा तो पोटभर हसला. मला हसू येईना. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.

"बाटलीत चार दिवसांचं उरलंय," मी म्हटलं. "आणि मी आता पलीकडे जाणार नाही. मेमध्ये कोल्बीनं मला पुलाशी थांबवलं होतं."

त्याचं हसू थांबलं. "खोका उघडला?"

"उघडला."

"बाटली बघितली?"

"बघितली. आणि झाकण लावलं. पुढच्या वेळी व्हायचं नाही म्हणाला."

"त्यानं तुला धरायला हवं होतं."

"तुझ्यासाठी सोडलं, ड्वेन."

त्याने मान रस्त्याकडे वळवली. मला वाटलं आता चिडेल. मग तो म्हणाला, "माझी टोपी दे. आणि तुझं ते खोकल्याचं बरोबर घे."

कचेरी घरापासून चार गल्ल्यांवर. ड्वेन डाव्या हातात काठी घेऊन चालला. पोचायला पंचवीस मिनिटं लागली. चारला पाच कमी होते. कचेरीत बर्नडीनच्या दाराच्या बरोबर समोर शेरीफचं दार आहे, मध्ये पाच पावलांची पडवी. दोन्ही दारं उघडी होती. कोल्बी टेबलाशी कागद वाचत बसला होता.

बर्नडीनने ड्वेनचं कार्ड काढलं. छप्पन्न वर्षांपूर्वीचं, ऐन विशीतलं. सही सरळ, ताठ, शेवटी खाली दणदणीत रेघ.

"आधी या कोऱ्या कागदावर करून दाखव," ती म्हणाली. "मूळ कागदावर चुकली तर मला दुसरी घेता यायची नाही."

मी त्याच्या मुठीत पेन खोचलं. त्याने केलं ते मी पोस्टात असते तर पत्ता सापडत नाही म्हणून परत पाठवलं असतं.

बर्नडीनने भिंग ठेवलं. ती वाईट बाई नाही. "मला नाही जमणार, ड्वेन," ती म्हणाली.

"माहीत आहे," ड्वेन म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "बाटली."

"इथे?"

"इथे."

त्याने मान मागे टाकली, जीभ वर केली आणि मी कौंटीच्या इमारतीत, कौंटी क्लार्कसमोर, शेरीफच्या उघड्या दारासमोर चार थेंब टाकले. बर्नडीनने आपल्या टेबलावरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. जुलै महिना तिने फार बारकाईने वाचला.

मग आम्ही वाट बघितली. चार वाजून वीस मिनिटांनी करंगळी सुटली. बर्नडीनने कुणी न मागता तिघांना कॉफी आणली. साडेचारला आणखी दोन बोटं. मी घड्याळ आणि त्याची बोटं आळीपाळीने बघत होते. पावणेपाचला त्याने हात टेबलावर पसरला, पाचही बोटं, आणि पेन स्वतः उचललं.

सही झाली. बर्नडीनने कार्ड शेजारी धरलं, भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"पेट्स्काचा पी जरा लंगडतोय," ती म्हणाली.

"मीही लंगडतो," ड्वेन म्हणाला.

तिने शिक्का मारला. "एकवीस." भिंतीवरच्या घड्याळात पाचला बारा कमी होते. मी डोळे पुसले. बर्नडीनने पुन्हा जुलै वाचला.

मला वाटलं आता घरी. पण ड्वेनने काठी उचलली आणि पडवी ओलांडली. कोल्बी तासभर तोच कागद वाचत होता.

"कोल्बी, गुन्ह्याच्या नोटिशीचं पुस्तक काढ."

"साहेब, घरी जा."

"चार वाजता या इमारतीत मी गांजाचा अर्क घेतला. साक्षीदार दोन. बाटली ही. लिही."

"मी काही बघितलं नाही."

"बघितलंस. कसं बघायचं ते मीच शिकवलंय तुला."

कोल्बीने माझ्याकडे पाहिलं. मी तरी काय करणार? छत्तीस वर्षांत या माणसाला मी एकदाही मधे थांबवू शकलेले नाही.

"पॅटी ल्युडकेचा मुलगा आठवतो?" ड्वेन म्हणाला. "पुलाशीच धरला होता मी. आईसाठी नेतोय म्हणाला, तिला उलट्या थांबत नाहीत. मी म्हटलं, ते जज्जाला सांग. तो जज्जापुढे उभा राहीपर्यंत पॅटी गेली होती." त्याने बाटली टेबलावर ठेवली. "त्याला कुणी झाकण लावून सोडलं नाही. लिही."

कोल्बीने लिहिलं. फार हळू लिहिलं. बाटली त्याने पिशवीत घातली आणि पिशवीला चिठ्ठी लावली. उरलेलं तीन दिवसांचं औषध डोळ्यांसमोर जाताना मी बघत होते, आणि मला ड्वेनचा असा संताप आला की काठी ओढून घ्यावी. आणि त्याच क्षणी इतका अभिमान वाटला की ती त्याला परत द्यावी. नोटिशीखाली सही लागते. ड्वेनने ती केली.

बाहेर आलो. ऊन अजून होतं. पायरीवर तो थांबला, उजवा हात पुढे केला आणि माझा हात धरला. नऊ वर्षांत त्याने त्या हाताने मला धरलं नव्हतं. एकदा मूठ आवळली की माझी बोटं चिरडतील म्हणून भ्यायचा.

"तास दीड तास उघडा राहील," तो म्हणाला.

घर चार गल्ल्यांवर आहे. आम्ही गोदामाला वळसा घालून, दोनदा बाकावर बसून, लांबच्या रस्त्याने गेलो.