पेरूच्या बुडाशी

“पुरलं?” मेघना डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

छबूबाईचा नवरा रामहरी खिडकीबाहेर बघत म्हणाला, “बांधाला. पेरूच्या बुडाशी. बाईमाणसाचं अंग हाय, डॉक्टरीणबाई. पुण्यात धा गड्यांनी भिंगातनं बघायचं?”

छबूबाईला आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाचं चाललंय.

मग उमगलं. आठ महिन्यांपूर्वी, इथंच बारामतीत, तिचा डावा स्तन काढला. आतली गाठ तपासायला पुण्याला न्यायची म्हणून नवऱ्याच्या हाती दिली. देऊन आलो म्हणाला. काय न्हाय निघालं म्हणाला. आणि सांगवीच्या रानात त्याच पेरूखाली ती भाकरी खात होती.

रोज.

आता काखेत दुसरी आलेली, म्हणून डॉक्टरांनी पहिलीचा रिपोर्ट मागितला होता.

“काय बघणार हुते तिच्यात?” तिनं डॉक्टरांनाच विचारलं. नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“एक प्रथिन. काही गाठींत असतं, काहींत नसतं. अंगातलं बाईपणाचं संप्रेरक ते धरून ठेवतं, त्यावर गाठ पोसते. ते असलं तर गोळीनं तिचा घास तोडता येतो. मग गाठीतली पेशी उपाशी पडते, स्वतःलाच खायला लागते. कधी त्यात मरते, कधी त्यावरच तग धरते. प्रथिन नसलं तर मात्र गोळीत वेळ फुकट जाईल, छबूबाई.”

“सोताला खाऊन तग धरती?”

“हो.”

“सासूच्या राज्यात मी तेच केलं.”



“तुझ्या अब्रूपायी केलं, छबू,” रामहरी पुटपुटला.

“मला इचारलं हुतं?”

“तू बेसुद हुतीस.”

“आठ म्हैनं?”

काखेतली गाठ काढली. औषधात बुडवलेल्या गाठीची बाटली नर्सनं आणली, तेव्हा रामहरीनं सवयीनं हात पुढं केला. तो हात तसाच राहिला. बाटली छबूबाईनं घेतली.

पुण्याच्या एसटीत ती पुढच्या बाकावर बसली, तो शेजारी.

“मावशी, लोणचं सांडंल. खाली ठेवा,” कंडक्टर म्हणाला.

“लोणचं न्हाय. माझी गाठ हाय. कॅन्सरची.”

मागची बडबड थांबली. रामहरीनं मान खाली घातली. घाटाच्या वळणावर गाडी कलली, खांद्यावरचा पदर घसरला, पोलक्याची सपाट बाजू उघडी पडली.

“पदर घे,” तो कुजबुजला. “लोकं बघत्यात.”

बाटलीवरचे दोन्ही हात तिनं काढले नाहीत.