अंगठ्याची खाच

माझ्या तलवारी कापत नाहीत, आणि याचा मला अभिमान आहे. वाळूजच्या कारखान्यात टूलरूममध्ये निम्मं आयुष्य काढून आता मी छावणीतल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये इंग्रजी अद्भुत कादंबऱ्यांतल्या तलवारींच्या प्रतिकृती घडवतो. स्प्रिंग स्टीलचं पातं, त्याच्या मधोमध उथळ पन्हळ, कडा मात्र गोल घासलेल्या, बोथट. गिऱ्हाईक आलं की त्याच्या देखत मी पातं माझ्या डाव्या तळहातावरून दाबून ओढतो आणि मगच तलवार त्याच्या हाती देतो. या शिरस्त्यात आजवर तळहाताला साधा ओरखडाही उठलेला नाही.

इंद्रजीत मूळचा पाचोडचा, नोकरीला पुण्यात. त्याला एका कादंबरीतल्या राणीची तलवार हवी होती. हाताच्या आडोशाला परज, तिची टोकं मिटत्या पंखांसारखी. आणि शिसवी मुठीवर, वर्षानुवर्षं धरून झिजल्यासारखी, अंगठ्याची खाच.

"घडवणाऱ्याचं काय होतं पुस्तकात?" मी सहज विचारलं.

"तो पहिल्याच प्रकरणात जातो, काका," तो हसला. "तुम्ही नका टेन्शन घेऊ."

खाच मी माझ्याच उजव्या अंगठ्याच्या मापानं कोरली. दुसऱ्या दिवशी पाहतो, तर अंगठा बसेना. खाच अरुंद झालेली आणि दुसऱ्याच अंगाला झुकलेली. लाकूड आकसतं, हे मला ठाऊक आहे. मी कानस शोधत असतानाच सुरेखा, माझी बायको, चहा घेऊन आली. कप ठेवून तिनं तलवार डाव्या हातानं उचलली, आणि तिचा अंगठा खाचेत बोट अंगठीत जावं तसा गेला.

"हलकी हाय," ती म्हणाली.

तलवार हलकी नव्हती. आणि सुरेखा तर मनगटाच्या दुखण्यानं कळशीसुद्धा दोन्ही हातांनी उचलते.

खंडेनवमीला शेडमध्येच कानशी, पकडी यांच्यासोबत ती तलवारही पूजेला मांडली; खाली पितळी ताट, पात्यावर लिंबू. संध्याकाळी ताटात दोन फोडी होत्या, कुठंही न चेमटता कापलेल्या.

"लिंबू तू कापलंस?"

"मी कशाला कापू? देवाचं हाय ते," ती म्हणाली. ती भाजी चिरत होती, डाव्या हातानं.

कुठंतरी धार राहिली असेल, असं मानून मी पातं पुन्हा घासलं, टोकापासून परजेपर्यंत बोट फिरवून पाहिलं. कड बोथट होती. माझ्या हाताला हे कळतं.

आज इंद्रजीत आला. पातं ओढून दाखवायला मी तलवार उचलणार, तोच सुरेखा पदराला हात पुसत शेडमध्ये आली.

"आज मी वढते," ती म्हणाली.

"राहू द्या ना काकू," इंद्रजीत घाईनं म्हणाला. "काकांवर विश्वास आहे माझा."

पण गिऱ्हाइकासमोर हात मागे घ्यायचा, म्हणजे माझ्याच कामावर मी शंका घ्यायची. मी बाही सारून तळहात पुढं केला.

"भ्या वाटतं का?" सुरेखानं विचारलं.

"भ्यायचं काय त्यात? मी घडवलंय ते."

"व्हय, तुम्हीच घडवलंय," ती मायेनं म्हणाली. डाव्या हातानं तिनं तलवार उचलली आणि उजव्या हातानं, अगदी सावकाश, ते पितळी ताट माझ्या हाताखाली सरकवलं.