सहा डबे, बारा पिशव्या

सरकारने घातपाताच्या इशाऱ्यांना रंग दिले तेव्हा लोकांना हायसं वाटलं होतं. निदान किती घाबरायचं ते तरी कळायला लागलं. पिवळा म्हणजे सावध राहा. नारिंगी म्हणजे फार सावध राहा. लाल म्हणजे आता सावध राहून काही उपयोग नाही, पण राहा. पिवळ्याला लोकांनी साखर, मीठ आणि मेणबत्त्या उचलल्या. नारिंगीला कोपऱ्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी उंदीर पकडायचे चाळीस पिंजरे घरी आणले. घरात एक उंदीर नव्हता. पण दुकानात तेवढंच उरलं होतं, आणि रिकाम्या हाताने परतायची त्यांची छाती होईना.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या जावयाने मात्र काहीच घेतलं नाही. तो सासरी राहायचा, त्यामुळे गल्लीत त्याला सगळेच जावईबापू म्हणत, ज्यांना मुली नव्हत्या तेसुद्धा. पिवळ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, छकुलीच्या दुधाचे चार डबे आणून ठेवा." छकुली आठ महिन्यांची. तिला एकच दूध पचायचं, निळ्या डब्यातल्या भुकटीचं. बाकी कुठलंही दिलं की ती ते, आणि आधीचं दोन दिवसांचं, समोरच्याच्या अंगावर परत करायची.

जावई हसला होता. "आई, लांडगा आला रे आला चाललंय सगळं. दुकानदारांचं नाटक आहे हे."

लाल इशारा लागला त्या पहाटे डब्याच्या तळाशी तीन चमचे भुकटी होती. सासूबाईंनी डबा त्याच्या नाकासमोर धरून हलवला. खुळखुळा वाजावा तसा चमचा वाजला.

"हे तुमचं नाटक," त्या म्हणाल्या. "मी चालले बहिणीकडे. डबा हातात असल्याशिवाय या घरात पाऊल टाकू नका. घर माझ्या नावावर आहे, आठवण असू द्या."

"आणतो म्हटलं की आणतो," जावई म्हणाला. "मी आणला नाही तर नाव लावणार नाही."

"कुठलं नाव? तुम्हाला जावईबापू सोडून दुसरं नाव आहे का?"

बायकोने दोघांकडे बघितलं आणि छकुलीची बाटली धुवायला घेतली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, तिला सवय होती.

दुकानापाशी तो पोचला तेव्हा शटर खाली होतं. शटरवर कागद: निळे डबे सहा. एका गिऱ्हाइकाला एक. दुकान अकराला उघडेल. शटरसमोर रांग होती, आणि रांगेत एकही माणूस नव्हता.

पिशव्या होत्या. या भागात रांगेत माणसं उभी राहत नसत. पिशवी ठेवायची, समोरच्या बसथांब्याच्या छपराखाली जाऊन बसायचं आणि नंबर आला की उठायचं. तीन पिढ्यांची रीत. पिशवी ठेवली म्हणजे माणूस उभा राहिला. लग्न मोडतील, भाऊ भावाला कोर्टात खेचेल, पण पिशवीचा नंबर कोणी मोडत नसे. जावयाने मोजल्या. अकरा. त्याने आपली बारावी ठेवली आणि छपराखाली जाऊन बसला. डबे सहा. हिशेब काही बरा दिसत नव्हता.

छपराखाली लाउडस्पीकर लावला होता. त्यातली बाई दर पाच मिनिटांनी गोड आवाजात सांगत होती, "बेवारस पिशवी दिसल्यास हात लावू नका. ताबडतोब कळवा." खाली बसलेली सगळी मंडळी तिचं म्हणणं मन लावून ऐकत होती आणि समोरच्या अकरा-बारा बेवारस पिशव्यांवर डोळा ठेवून होती. कोणाच्याही डोक्यात काही आलं नाही.

जावयाच्याही आलं नसतं. तो फक्त आपली पिशवी सरळ करायला गेला, आणि पुढची पिशवी टिकटिक करत होती.

तो धावला, आणि हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं, खरोखरच घाबरून धावला. नाक्यावर बॉम्बपथकाची गाडी होती. पथकाचे साहेब चहा पीत होते.

"साहेब, पिशवी टिकटिकतेय!"

साहेबांनी रांगेकडे पाहिलं. "कोणती? सगळ्याच बेवारस दिसतायत."

"मग सगळ्याच बघा ना."

"तसं करता येत नाही. नागरिकाने तक्रार केल्याशिवाय पिशवी संशयास्पद होत नाही. तोवर ती नुसती पिशवी असते. तुमची तक्रार कोणत्या पिशवीबद्दल?"

जावयाने बोट दाखवलं. शिट्ट्या वाजल्या, दोर बांधले गेले. साहेबांनी भोंग्यातून विचारलं, "ही पिशवी कोणाची? मालकाने पुढे यावं. सोबत ओळख पटवणारा एक साक्षीदार आणावा. दोघांचीही गाडीत तासभर चौकशी होईल."

छपराखाली घड्याळजी बसला होता. त्याने घड्याळाकडे पाहिलं. अकराला पंचवीस मिनिटं होती. तासभर गाडीत म्हणजे नंबर गेला. त्याने आभाळाकडे पाहिलं.

पथकाने पिशवी उडवली. ठप्प असा आवाज झाला आणि रस्त्यावर चौदा मनगटी घड्याळं आणि एक गजराचं घड्याळ पसरलं. साहेब म्हणाले, "धोका टळला. रांग पुढे घ्या." हवालदाराने मागच्या पिशव्या पायाने पुढे सरकवल्या.

जावई अकरावा झाला.

तो बराच वेळ आपल्या पिशवीकडे बघत उभा राहिला. लिफ्टचं काम करणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. वर जायचं तर दुसऱ्या बाजूने काहीतरी खाली जावं लागतं.

"साहेब," तो पाच मिनिटांनी म्हणाला, "ती तपकिरी पिशवी जरा फुगलीय, नाही?"

तपकिरी पिशवी मुख्याध्यापकांची. तिच्यात उंदरांचे दोन पिंजरे निघाले, बदलून घ्यायला आणलेले. मग एक पिशवी त्याला 'गप्प गप्प' वाटली. मग एक वास मारत होती. ती खरंच मारत होती, तिच्यात मोजे होते. बँडवाल्याच्या भल्यामोठ्या पिशवीबद्दल तो नुसतं "हं" म्हणाला आणि साहेबांनी पुढचं समजून घेतलं. आत कर्णा होता. फुटताना त्यातून एक सूर निघाला, आणि बँडवाला पुढे कित्येक दिवस सांगत होता की इतका शुद्ध सूर त्याला स्वतःला कधी लागला नव्हता.

"तुमच्यासारखे जागरूक नागरिक असते तर आमची गरजच नव्हती," साहेब म्हणाले आणि त्यांनी त्याला अर्धा चहा दिला.

जावई सातवा होता. डबे सहा.

बँडवाल्याची पिशवी गेल्यावर तिच्याआड दडलेली पहिल्या नंबरची पिशवी उघडी पडली. हिरवी, पोपटांची. दिवाणखान्यातल्या जुन्या पडद्याची शिवलेली. त्या पडद्याला जावयाने एकदा हात पुसले होते आणि तीन दिवस जेवताना त्याचंच ऐकलं होतं.

म्हणजे बहिणीकडे वगैरे काही नाही. सासूबाई पहाटेच येऊन पहिला नंबर लावून बसल्या होत्या. डबा घरी येणारच होता. छकुलीला दूध मिळणारच होतं. प्रश्न एवढाच होता, की ते कोणाच्या हातून. संध्याकाळी सासूबाई डबा टेबलावर ठेवतील, काही बोलणार नाहीत, आणि ते न बोलणं त्याला मरेपर्यंत ऐकावं लागेल.

तेवढ्यात मागून दातांचा डॉक्टर आला. त्याने जावयानंतर पिशवी ठेवली होती; नंबर आठवा आणि डोकं तल्लख. "साहेब," तो म्हणाला, "त्या पहिल्या पोपटांच्या पिशवीतून मला धातूचा आवाज आला."

शिट्ट्या, दोर, भोंगा. "ही पिशवी कोणाची?"

"माझी! माझी आहे हो!" छपराच्या पलीकडच्या टोकाहून सासूबाई धावत आल्या. चप्पल एकाच पायात होती. "हात लावू नका तिला!"

"काय आहे आत?" साहेबांनी विचारलं.

सासूबाईंनी भोवताली पाहिलं. छपराखालची सगळी गर्दी माना उंचावून ऐकत होती. प्रत्येकाच्या घरी एक ना एक तान्हं होतं, नाहीतर होईल अशी भीती होती. सासूबाई म्हणाल्या, "कपडे."

"धातूचे कपडे?" डॉक्टर म्हणाला.

"बटणं आहेत!"

"साक्षीदार कोण?"

"हे काय, हे उभे आहेत की समोर! जावईबापू, सांगा यांना, कोण मी ते."

साहेब जावयाकडे वळले. त्यांच्या नजरेत आदर होता. त्या घरात लग्न झाल्यापासून अशा नजरेने त्याच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. ओळखतो म्हटलं तर तासभर गाडीत, नंबर गेला. शिवाय ज्याने पाच पिशव्या उडवल्या त्याचंच माणूस रांगेत पहिलं, हे छपराखालच्या मंडळींना कळलं असतं. आणि नाही म्हटलं तर सातातून एक वजा.

"ओळखता तुम्ही या बाईंना?"

"नाही," जावई म्हणाला.

सासूबाईंचं तोंड उघडं राहिलं. सहा वर्षांत त्यांना पहिल्यांदाच शब्द सापडला नाही, आणि एवढ्या प्रसंगातही जावयाने ते नोंदवून ठेवलं. मग त्यांनी दोराखालून पुढे झेप घेतली. दोन हवालदारांनी त्यांना धरलं. त्या हात हलवून त्याला काहीतरी खुणावत होत्या. त्याने पाठ फिरवली.

ठप्प.

या वेळी धूर पांढरा निघाला आणि विरलाच नाही. रांगेवर, छपरावर, साहेबांच्या टोपीवर, सगळ्यांवर हळूहळू उतरला. मग कोणीतरी ओरडलं, "विषारी भुकटी!" लोक धावले, एकमेकांना आपटले आणि एकमेकांवरची भुकटी एकमेकांना लावून परत आले. डॉक्टर रस्त्यात आडवा झाला आणि आपल्या बायकोला लॉकरची किल्ली कुठे आहे ते मोठ्याने सांगू लागला.

जावयाच्या ओठांवरही थर बसला होता. त्याने नकळत जीभ फिरवली.

गोड, आणि गोडाच्या मागे किंचित तुरट. रोज बाटली देण्याआधी तो चाखायचा तीच चव. जगातल्या कोणत्याही बापाला डोळे बांधून उभं केलं तरी ओळखता येईल अशी.

"दूध आहे!" तो ओरडला. "घाबरू नका! पोरांचं दूध आहे हे! साहेब, दुकान उघडायला सांगा!"

साहेबांनी तोंडाला रुमाल लावला होता. "तुम्हाला कसं कळलं?"

"चवीवरून."

"चाखलंत?"

"थोडंसं."

साहेब दोन पावलं मागे सरकले. "बाई तर म्हणतायत कपडे होते. तुम्ही या बाईंना ओळखत नाही. मग त्यांच्या पिशवीत दूध होतं हे तुम्हाला कळलं कसं?"

"ओळखतो!" जावई म्हणाला. "सासू आहे माझी. आई, सांगा ना, दूध होतं म्हणून! ते म्हटलं की दुकान उघडतील. आत सहा डबे आहेत, आई!"

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या डोक्यापासून एका चपलेपर्यंत पांढऱ्या झाल्या होत्या. पापण्यांवरसुद्धा भुकटी होती. त्यांनी जावयाला न्याहाळलं, अगदी पहिल्यांदा तो घर बघायला आला होता तेव्हा न्याहाळलं होतं तसं.

"कपडेच होते," त्या म्हणाल्या. "आणि हा कोण माणूस आहे, मला ठाऊक नाही."

दुकानाला सील लागलं. सगळ्यांना बंबाच्या पाण्याने धुऊन घरी सोडलं. पोटात घेणारा मात्र एकटाच निघाला, म्हणून जावयाला इस्पितळात काचेच्या खोलीत ठेवलं. बहात्तर तास.

दुपारी नर्सने फोन काचेला लावून धरला. बायको बोलत होती, पण आधी छकुलीच ऐकू आली.

"अहो, तीन चमचे संपले," बायको म्हणाली. "साधं दूध दिलं, तिने टाकलं. आईने पहाटे कुठल्याशा मावशीच्या ओळखीने तीन डबे मिळवले होते म्हणे. अजून हवा म्हणून रांगेत गेली. आता भिंतीकडे तोंड करून बसलीय. काय झालं विचारलं तर म्हणते, जावयाला विचार. काय झालं हो?"

"नाटक," जावई म्हणाला.

नर्सने फोन काढून घेतला आणि भिंतीतल्या खिडकीतून एक पेला आत सरकवला. "हे घ्या. दर तीन तासांनी. पोटाला हलकं."

त्याने पेल्यात पाहिलं. मग वास घेतला. "हे कुठून आलं?"

"त्या दुकानाचा माल जप्त केला ना. सहा डबे निघाले. वाया कशाला घालवायचे?"

"ताई, पाया पडतो, यातला एक डबा माझ्या घरी पाठवा. आठ महिन्यांचं लेकरू आहे."

"लाल इशाऱ्याच्या भागातला जप्त माल बाहेर जात नाही." नर्स वाईट नव्हती. तिने नियमाचा कागदही काचेला लावून दाखवला.

"मग मी पिणार नाही."

"मग मला लिहावं लागेल, पेशंटला गिळता येत नाही. ते विषाचं लक्षण आहे. बहात्तर तास पुन्हा पहिल्यापासून."

फोन तिच्या हातात अजून चालू होता. त्यातून रडणं येत होतं. मग ते बारीक झालं, मग थांबलं. "दमली," बायकोचा आवाज लांबून आला.

जावयाने पेला उचलला. सवयीने त्यातला एक थेंब मनगटावर टाकून पाहिला. कोमट होतं, अगदी हवं तसं. नर्स हातात पेन घेऊन उभी होती. त्याने डोळे मिटले आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.