मातीसकट कोबी

"सगळ्या क्वेरी प्रिपेअर्ड आहेत ना? मग कशाला जीव खातोस, गिलते?" आमचे प्यो साहेब जेवताना मुळ्याची फोड चावत म्हणाले.

"साहेब, प्रिपेअर्ड आहेत, म्हणजे डेटाबेसला द्यायचं वाक्य आधी तयार होतं खरं, पण दवाखान्याच्या साइटवर पेशंटने टाइप केलेलं नाव त्यातच चिकटवलंय. वाक्य वेगळं आणि नाव वेगळं पाठवायला हवं. नाहीतर नावाच्या जागी कुणी हुकूम टाइप केला, तर डेटाबेस तोही निमूट पाळणार. किमचीची बरणी उकळून घेतली आणि कोबी मातीसकट भरला, तसं झालंय."

टेबलाभोवतीचे सगळे हसले. साहेब हसले नाहीत.

"तो कोड वरच्या कंपनीचा आहे. त्यांनी सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. मी कळवतो वर."

त्यांनी तिथूनच फोनवर कळवलं. उत्तर आलं, क्वेरी प्रिपेअर्ड आहेत, काळजी नसावी. दवाखाना काम देतो वरच्या कंपनीला, ती देते प्यो साहेबांना, साहेब देतात मला. सगळ्यात खालच्याचं कोण ऐकतो? जळो मेलं, म्हणत मी सूप संपवलं.

पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दवाखाना मूल न होणाऱ्यांचा होता आणि माझी बायको हेरिन तिथेच उपचार घेत होती. "तुझ्या आईला कळू देऊ नकोस," एवढंच तिने माझ्याकडे मागितलं होतं.

चुसॉकचा, सगळं घर एकत्र जमायचा सुगीचा सण तोंडावर आला आणि कुणीतरी नावाच्या त्याच रकान्यातून आत शिरून सगळ्या पेशंटची माहिती उचलली. नावं, उपचार, सगळं इंटरनेटवर. माफी मागायला दवाखान्यात वरच्या कंपनीने आम्हालाच पाठवलं. साहेबांशेजारी मीही कमरेतून वाकलो. चूक दाखवणारा मी आणि वाकणाराही मीच. रागाने कान तापले होते, पण वर बघायची सोय नव्हती.

सणाला आईकडे गेलो. हेरिन जावांबरोबर भोपळ्याचे काप तळत बसली होती. आई काढ्याची वाफाळती वाटी घेऊन आली.

"घे गं. शेजारच्या बाईने इंटरनेटवरच्या यादीत तुझं नाव दाखवलं, तिच्या सुनेला याचाच गुण आला. मला आधी सांगायचं नाही का? यात लाजायचं काय?"

आई मायेनेच बोलली, तेच वाईट. जावांचे हात थांबले. हेरिनने माझ्याकडे पाहिलं.

तिने हात पुसले, दोन्ही हातांनी वाटी घेतली आणि तळापर्यंत प्यायली. मग करपत आलेला काप उलटला.