रुद्रप्पा सरांची खुर्ची

ऋतुजा गायकवाडचा प्रबंध सकाळी नऊला तयार होता आणि साडेनऊला होत्याचं नव्हतं झालं. पानं सगळी जागेवर होती, दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस. पण मार्गदर्शकांचा फोन आला. दुसरं प्रकरण चौथ्याच्या मागं घ्या म्हणाले, मगच जमा करा. मोठ्या माणसांना अशा गोष्टी शेवटच्या दिवशीच सुचतात. पीएचडीच्या नोंदणीची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती. आधीच दोनदा वाढवून घेतलेली, तिसऱ्यांदा कोण देणार? मंगळवेढ्याच्या रानात ज्वारी काढणाऱ्या बायकांच्या मागं सहा वर्षं हिंडून तिनं जे जमवलं होतं, त्याची पाच वाजून एक मिनिटानं रद्दी होणार होती.

टायपिंग रुद्रप्पा सरांचं. सात रस्त्याजवळच्या दोन टेबलांच्या दुकानात ते आता जॉबवर्क करत, पण त्याआधी तीस वर्षं त्यांनी टायपिंगचा क्लास चालवला होता. ऋतुजाचे वडील यशपाल त्यांच्याच हाताखाली शिकले. सरांनी त्यांना पहिल्या रांगेतल्या मशीनवर बसवलं, परीक्षा पास करून घेतली, आणि गायकवाडांच्या घरात पहिली सरकारी नोकरी आली. वडील जाऊन चार वर्षं झाली, तरी त्या घरात नुसतं 'सर' म्हटलं की रुद्रप्पा सरच.

सर टाईपरायटरवर घडलेले. मथळ्याची अक्षरं मोजायची, कागदाच्या मधोमध येईल एवढी जागा सोडायची आणि मग टाईप करायचं, ही त्यांची शिस्त. कॉम्प्युटर आला तरी ती सुटली नाही. स्पेस बार दाबत दाबत मथळा मधोमध आणायचा आणि ठळक करायचा. अनुक्रमणिकाही हातानं, टिंबांची ओळ देऊन. दिसायला सगळं देखणं. पण मशीनच्या लेखी त्यातला एकही मथळा मथळा नव्हता, नुसत्या जाड अक्षरातल्या ओळी होत्या. त्यामुळे प्रकरण हललं तरी अनुक्रमणिकेतला एकही आकडा जागचा हलला नाही. सरांनी पट्टी काढली, छापील प्रत पुढ्यात घेतली आणि दोनशे अकरा मथळ्यांची पानं एकेक करून शोधायला बसले.

उपाय ऋतुजाला ठाऊक होता, हाच खरा छळ. धाकट्या बहिणीनं, मनालीनं, दहा वाजताच फोनवर सांगितला होता. प्रत्येक मथळ्यावर क्लिक करून त्याला हेडिंगची स्टाईल द्यायची, मोठ्याला एक नंबरची, त्याच्या पोटातल्याला दोन नंबरची. मग अनुक्रमणिका मशीनच करतं, पान नंबरांसकट. दीड तासाचं काम. पण ते करायला त्या खुर्चीत बसावं लागणार होतं, आणि सरांच्या कीबोर्डला आजवर दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. ज्यांनी वडिलांना बोटं ठेवायला शिकवलं, त्यांना उठा म्हणायचं कुठल्या तोंडानं?

बारा वाजले. चाळीस मथळे झाले. मग मधला एक राहिल्याचं लक्षात आलं आणि सरांनी परत पहिल्यापासून धरलं. ऋतुजानं दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा पाणी हवंय का म्हणून विचारलं. दोन वाजले. सरांचा शर्ट पाठीला चिकटला होता. तिला त्यांची कीव येत होती आणि त्यांचा रागही येत होता, आणि राग येतो याची लाज वाटत होती.

तीन वाजता मात्र तिला रडूच फुटलं.

"सर, जरा उठता का? मी बसते."

सरांनी चष्मा काढला, तिच्याकडं पाहिलं आणि उठले. ती क्लिक करू लागली. ते मागं उभे राहून छापील प्रतीवरून सांगू लागले, हा मोठा, हा त्याच्या पोटातला. दोनशे अकरांत एकदाही चुकले नाहीत. साडेचार वाजून गेल्यावर शेवटचा मथळा झाला. तिनं बटण दाबलं आणि अख्खी अनुक्रमणिका डोळ्यांदेखत उमटली. सरांनी तीन पानं ताडून पाहिली. तिन्ही बरोबर होती.

प्रिंटरनं दहा मिनिटं खाल्ली. रिक्षावाल्याच्या हातापाया पडत ती शहराबाहेर विद्यापीठात पोचली तेव्हा पाच वाजून नऊ मिनिटं झाली होती. खिडकीवरचा माणूस वाईट नव्हता. नोंद पाचला आपोआप बंद होते मॅडम, माझ्या हातात काही नाही, म्हणाला.

प्रबंध मांडीवर घेऊन ती पायरीवर बसली. सरांचा फोन आला. काय झालं ते तिनं सांगितलं.

"ते मथळ्यावर क्लिक करायचं तुला कवापासनं ठाव हुतं?"

"सकाळपासून, सर."

"मग सकाळीच म्हणायचं हुतं की, उठा. मी उठलो असतो."

आणि ते खरंच उठले असते, हे ऋतुजाला तिथं पायरीवर बसल्या बसल्या कळलं.