शेवटच्या पानावरची सही

छत्तीस वर्षं मी तणुकू गावात दस्त लिहितोय. रजिस्ट्री कचेरीसमोर पत्र्याची शेड, एक टेबल, आधी टाईपरायटर, आता संगणक. एवढ्या वर्षांत दस्त पूर्ण वाचणारी माणसं मला दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील. बाकी सगळ्यांचा प्रश्न एकच, "सही कुठं करू?" जन्मभराचं घर देऊन टाकतात आणि चष्मासुद्धा आणत नाहीत. मला संताप येतो, पण मीही बोट ठेवून दाखवतो, इथं करा म्हणून. धंदाच तो.

शुक्रवारपर्यंत घर रिकामं करायचं होतं आणि मंगळवारी कोटेश्वरम्मा माझ्याकडं आल्या. हातात प्लास्टिकची फाईल होती. पाटबंधारे खात्यातल्या नरसिंहमूर्तींच्या या बायको. मूर्ती जाऊन दीड वर्ष झालं. मुलानं, फणींद्रनं, घर बिल्डरला विकलं होतं आणि आईसाठी राजमहेंद्रवरमच्या वृद्धाश्रमात खाट ठरवली होती.

"पापारावगारू, हे वाचून दाखवा," त्या म्हणाल्या. "यात माझं नाव आहे. मागची खोली माझी आहे, असं लिहिलं असेल. तेवढं दाखवलं की तो बिल्डर गप्प बसेल."

पहिलं पान बघायची मला गरजच नव्हती. चार वर्षांपूर्वी तो दस्त मीच लिहिला होता. मूर्तींनी स्वतःच्या पगारातून बांधलेलं घर मुलाला बक्षीसपत्रानं दिलं होतं.

त्या दिवशी मी कच्चा मसुदा मूर्तींच्या हातात दिला, तेव्हा त्यात एक ओळ घातली होती. 'मी व माझी पत्नी हयात असेपर्यंत सदर घराच्या मागील भागात राहण्याचा आमचा हक्क राखून ठेवला आहे.' आईबाप घर देत असले की ही ओळ मी न विचारता घालतो. फणींद्रनं बापाच्या खांद्यावरून ती वाचली आणि हसला.

"नान्ना, मी तुम्हाला घराबाहेर काढणार आहे, हे सरकारला आत्ताच कळवून ठेवताय होय?"

सून मोबाईलमध्ये बघत राहिली. मूर्तींचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"ती ओळ काढा, पापाराव."

"राहू दे की. कुणाचं काय बिघडतंय?"

"ती ओळ काढा म्हटलं ना! बापलेकांत असले करार करतात का? लोक काय म्हणतील?"

मी काढली. भांडायला हवं होतं. दस्त एकदा नोंदला की ती ओळ मागाहून घालता येत नाही, हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. पण आमची वेळ साडेअकराची होती आणि सव्वाअकरा वाजले होते. मी मूग गिळून बसलो.

त्यातच दुसरा साक्षीदार आला नाही. "तिचीच घ्या सही," मूर्ती म्हणाले. खरं सांगतो, मला बरंच वाटलं. बायको साक्षीदार असली की पुढं तिला तक्रार करायला तोंड राहत नाही, दस्त पक्का होतो. शेडच्या कडेला बाकावर बसलेल्या कोटेश्वरम्मांना मीच हाक मारली. त्यांना सहीपुरतीच अक्षरं येतात. त्यांनीही तेच विचारलं, कुठं करू? मी बोट ठेवलं.

बाहेर पडताना त्यांनी नवऱ्याला विचारलं होतं, "माझं नाव घातलंत ना?"

"घातलंय की. शेवटच्या पानावर," मूर्ती म्हणाले आणि सगळे हसत हॉटेलात पेसरट्टू डोसे खायला गेले. मीही गेलो होतो.

"वाचा ना," टेबलापलीकडून कोटेश्वरम्मा आता म्हणाल्या. "एक पान सोडू नका."

मी वाचलं. चतुःसीमा वाचल्या, विहीर वाचली, शेवग्याचं झाडसुद्धा वाचलं. 'प्रेम व आपुलकीपोटी' वाचताना माझा आवाज मलाच ऐकवेना. 'आज रोजी ताबा दिला, यापुढे माझा वा अन्य कोणाचा हक्क राहिला नाही.' मग सह्या.

"आणि माझी खोली?"

"नाही, अम्मा."

"माझं नाव आहे म्हणाले होते."

मी शेवटचं पान त्यांच्यापुढं केलं. त्यांनी आपली सही ओळखली, तिच्यावर बोट ठेवलं. "मग हे काय?"

"ही साक्षीदाराची सही. दस्त तुमच्यासमोर झाला, एवढाच तिचा अर्थ."

"कोर्टात?"

"पोटापाण्याचा खर्च मागता येईल. मिळेलही. खोली नाही मिळायची."

त्यांचं बोट अजून सहीवरच होतं. नवऱ्यानं आपल्याला टाकलं, हे कळून या बाईनं शुक्रवारी घर सोडायचं? माझ्यानं ते बघवेना. मी सरळ खोटं बोललो.

"चूक माझी आहे. मूर्तींनी तुमच्या खोलीचं सांगितलं होतं. टाईप करताना माझ्याच हातून राहिलं. शिव्या द्यायच्या तर मला द्या."

त्यांनी मान वर केली. डोळे कोरडे होते.

"पापारावगारू, मी बाकावर बसले होते, पण बहिरी नव्हते. 'ती ओळ काढा' म्हणाले ते. दोनदा म्हणाले. कुठली ओळ, तेवढंच मला माहीत नव्हतं."

त्यांनी पानं एकावर एक नीट लावली, फाईलीत घातली आणि फाईल माझ्या टेबलावरच ठेवून त्या उठल्या.

"तुम्ही कशाला आळ घेताय," त्या म्हणाल्या. "साक्षीदार मी होते ना."