रुसलेली ओरा

कोमोडो बेटावर थापा मारण्यात इशाकाचा हात धरणारं कोणी नव्हतं. एका ओरानं, म्हणजे तिथल्या अजस्र घोरपडीनं, म्हणे त्याच्या आजोबांची अख्खी होडी गिळली होती, आणि वल्ही तेवढी परत आणून दिली होती, कारण ती शेजाऱ्याची होती.

पण आज सकाळी तो शब्द देऊन बसला होता. जहाजाचे पाहुणे तरण्या वाटाड्यांबरोबर टेकडीवर ओरा बघायला गेले. मागे राहिली हेन्ड्रिकाआजी. तिचे गुडघे धक्क्यावरच संपले. ती इशाकाच्या खांबांवरच्या घरापुढे, बांबूच्या माचावर बसली. ही बैलाएवढी घोरपड एकदा डोळ्यांनी बघावी म्हणून ती अर्धी पृथ्वी ओलांडून आली होती. दुपारी जहाज सुटणार, आणि पुन्हा येणं काही व्हायचं नाही, हे तिनं हसत हसत सांगितलं. त्या हसण्यानंच इशाका फसला. "दाखवतोच," म्हणाला.

ऊन चढलं. ओराचा पत्ता नाही.

केळी तळता तळता त्याची बायको मकनूर म्हणाली, "तुमची बहीण येतेय कशाला? परवाच नाकावर काठी हाणलीत की तिच्या."

बेटावरचं लहान पोरही सांगेल की माणूस आणि ओरा एकाच आईची जुळी लेकरं. परवा तिनं इशाकाचे वाळत घातलेले मासे पळवले, म्हणून त्यानं काठी हाणली होती. आता नातलग रुसला तर चुकणाऱ्यानं जाऊन, चारचौघांत, माफी मागायची असते. इशाकानं जन्मात कुणाची मागितली नव्हती. त्यानं आजीकडे बघितलं, हातातली बेचक्याची काठी खाली ठेवली आणि झुडपांपुढे जाऊन उभा राहिला.

"अक्का, चुकलं माझं," तो पुटपुटला.

"मोठ्यानं. मारताना बरा आवाज होता," मकनूर म्हणाली.

"चुकलं, अक्का! मासे तुझेच होते असं समज."

"समज काय? होते म्हणा."

"होते," इशाका म्हणाला.

पान हललं नाही. खाडीतून जहाजाचा भोंगा वाजला. असू दे, म्हणत आजीनं त्याच्या हातावर थोपटलं. इशाकाला मान वर करवेना.

तेवढ्यात माच हलला. खालून कुणीतरी खांबाला पाठ घासत होतं. सकाळपासून घराखालच्या सावलीत पडलेली ओरा सावकाश बाहेर आली, जीभ काढून वारा चाटला, आजीकडे एक डोळा करून थांबली आणि डुलत डुलत वाळूवर उतरली. आजीच्या तोंडावरचा हात कितीतरी वेळ निघाला नाही. डोळे मात्र वाहत होते.

"म्हणजे सगळं ऐकत पडली होती," मकनूर म्हणाली.

टेकडीवरचे पाहुणे धापा टाकत परतले. त्यांना नुसते पंजांचे ठसे दिसले होते. तुम्हाला काय दिसलं, त्यांनी आजीला विचारलं. आजीनं डोळे पुसले आणि न्यायला आलेल्या रबरी होडीकडे बोट केलं.

"एवढी होती."

इशाकानं होडीकडे बघितलं, मग आजीकडे. असा जोडीदार त्याला आजवर भेटला नव्हता.

"शेपटी सोडून सांगताय, आजी," तो म्हणाला.